आधी ओळख, मग घास

पनवेलहून रोह्याकडे जाताना आपटा आणि हमरापूर या स्टेशनांच्या मध्ये जिते लागतं. पेण तालुक्यातलं हे गाव. पावसाळ्यात इथे जिकडेतिकडे भाताची खाचरं दिसतात. आवण काढताना, लावणी करताना माणसांचे अनवाणी पाय दिवसभर चिखलात असतात. त्या चिखलात कधी काच असते, कधी शिंपल्याची धार, कधी बांधावरून वाहून आलेला काटा. काप लहान असतो आणि लावणी कोणासाठी थांबत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. दुसऱ्या दिवशी कापाभोवती लाली चढते, पाय ठणकायला लागतो, मग पू धरतो. त्याच सुमाराला जांघेत एक दुखरी गाठ हाताला लागते. घरातली जाणती बाई ती गाठ चाचपून लगेच सांगते, "अवधाण आलंय, आधी पाय बघ."

एवढ्याशा वाक्यात शरीराविषयीचं पक्कं निरीक्षण आहे. गाठ जांघेत असली तरी तिचं कारण तळपायात आहे, हे कोकणातल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्यासाठी कोणी सूक्ष्मदर्शकाची वाट पाहिली नाही. तळपायापासून जांघेपर्यंतच्या त्या वाटेवर काय घडतं, कोण कोणाला ओळखतं, कोण कोणाला गिळतं आणि गिळल्यानंतर दरवेळी जिंकतंच का, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझ्या मते या विषयाचं मर्म गिळण्यात नाही. गिळणं ही फार जुनी कला आहे, डबक्यातला अमीबासुद्धा ते करतो. खरी अवघड गोष्ट आहे ती ओळखण्याची. गिळायचं कोणाला, सोडायचं कोणाला, आणि गिळलेलं पचवायचा हुकूम कधी मिळायचा, हे तीन प्रश्न मनात ठेवून पुढची पानं वाचावीत.

जिवाणू लांबीला साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग असतो. त्याला गिळणारी पांढरी पेशी त्याच्या दहा-बारा पट मोठी. काप झाल्यावर पहिली चाहूल लागते ती त्वचेखाली आधीपासून मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज पेशींना. यांना मराठीत महाभक्षक म्हणतात. त्या रसायनं सोडतात, आजूबाजूच्या केशवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. आपल्याला दिसणारी लाली, लागणारी ऊब आणि आलेली सूज ही सगळी यातूनच येते. काही तासांत न्यूट्रोफिल पेशी पोहोचतात. त्या रक्तातून वेगानं वाहत असतात, पण जखमेजवळच्या वाहिनीची आतली भिंत आता बदललेली असते, तिच्यावर चिकट रेणू उगवलेले असतात. पेशी त्यांना हलकी चिकटत लोळू लागते, मग घट्ट थांबते, आणि मग भिंतीतल्या दोन पेशींच्या सांध्यातून अंग चोरून बाहेर पडते. आपली अस्थिमज्जा रोज शंभर अब्जांच्या घरात न्यूट्रोफिल तयार करते. रक्तातला त्यांचा मुक्काम तासांत मोजावा, फार तर दिवसांत. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी, आणि पुवाची हिरवट झाक ही त्यांच्यातल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकराची. पू दिसला की आपण नाक मुरडतो. मला मात्र तो पाहिला की त्या पेशींविषयी आदरच वाटतो.

बाहेर पडलेल्या पेशीला जिवाणू कुठे आहे हे कसं कळतं? १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून एक चित्रफीत घेतली. तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक न्यूट्रोफिल एका जिवाणूच्या मागे जातो, तो वळला की वळतो, आणि शेवटी त्याला गिळतो. ती पाहताना प्रत्येकाला वाटतं की या पेशीला दिसतंय. तिला दिसत नाही. जिवाणू स्वतःची प्रथिनं बांधताना सुरुवात फॉर्मिल-मेथिओनिन या घटकानं करतात. आपल्या पेशीद्रव्यात बनणारी प्रथिनं तशी सुरू होत नाहीत. त्या प्रथिनांचे तुकडे जिवाणूभोवतीच्या पाण्यात पसरतात, जवळ दाट, लांब विरळ. न्यूट्रोफिलच्या अंगावर हेच तुकडे पकडणारे ग्राहक रेणू आहेत. ज्या अंगाला जास्त तुकडे चिकटतात, त्या अंगाला पेशीचा सांगाडा पुढे वाढतो आणि पेशी तिकडे सरकते. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्या पेशींतली मायटोकाँड्रिया ही फार प्राचीन काळी जिवाणूच होती, आणि ती आजही आपली प्रथिनं त्याच घटकानं सुरू करतात. म्हणून एखादा अवयव नुसता चिरडला गेला, आत एकही जंतू नसला, तरी फुटलेल्या मायटोकाँड्रियातून बाहेर पडलेले तुकडे न्यूट्रोफिलना बोलावतात. ओळखीची ही खूण इतकी जुनी आहे की ती परका आणि घरातला जुना पाहुणा यांत फरक करू शकत नाही.

शाळेच्या पुस्तकांत या पेशींना सैनिक म्हणतात. मुलांना ते चटकन कळतं हे मला मान्य आहे, पण त्यामुळे एक चूक मनात कायमची बसते. सैनिकाला शत्रू ठाऊक असतो. या पेशीला शत्रू नावाची कल्पनाच नाही. तिच्यापुढे फक्त रेणू असतात, आणि काही रेणूंना तिच्या अंगावरचे ग्राहक बरोबर बसतात. १९८९ साली चार्ल्स जेनवे यांनी असा विचार मांडला की प्राण्यांकडे जन्मजात असे ग्राहक असले पाहिजेत, जे जिवाणूंच्या ठरावीक, सहजासहजी न बदलणाऱ्या खुणा ओळखतात. तेव्हा त्याला प्रयोगाचा आधार नव्हता. १९९६ साली जूल्स हॉफमन यांच्या गटानं फळमाशीत दाखवलं की टोल नावाचं जनुक बिघडलं की माशी बुरशीनं मरते. १९९८ साली ब्रूस बॉयट्लर यांच्या गटानं उंदरात त्याच घराण्यातला टीएलआर-४ हा ग्राहक शोधला. तो जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला लायपोपॉलीसॅकराइड हा रेणू ओळखतो. २०११चं नोबेल हॉफमन आणि बॉयट्लर यांना राल्फ स्टाइनमन यांच्याबरोबर मिळालं. मात्र टोल घराण्यातले ग्राहक स्वतः गिळत नाहीत. ते धोक्याची वर्दी देतात. गिळण्यासाठी वेगळे ग्राहक असतात, आणि त्यांच्याकडे वळण्याआधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो मुंबईतून जातो.

१८८२ साली सिसिलीमधल्या मेसिना गावी एल्या मेचनिकॉव्ह हा प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या अळ्या पाहत होता. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. घरची मंडळी सर्कशीला गेली होती. त्यानं बागेतल्या गुलाबाचे काटे अळीच्या अंगात टोचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा दिसला. अळीला रक्तवाहिन्या नव्हत्या, तरीही पेशी काट्याकडे धावल्या होत्या. पुढे डॅफ्निया या पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यात त्यानं पाहिलं की बुरशीचे बीजाणू पेशींनी गिळले तर प्राणी वाचतो, नाही गिळले तर मरतो. पू आणि सूज म्हणजे रोग नसून प्रतिकार आहे, हे त्याचं म्हणणं तेव्हाच्या अनेक डॉक्टरांना पटलं नाही. जर्मनीतली मंडळी म्हणत होती की संरक्षण रक्तद्रवात आहे, त्यातल्या प्रतिपिंडांत आहे. हा वाद पंचवीस वर्षं चालला. १९०८चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि पॉल एर्लिश यांना वाटून देण्यात आलं.

ओडेसा विद्यापीठात मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. मराठी वाचकाला हे नाव परळच्या संस्थेमुळे ठाऊक आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत त्यानं काम सुरू केलं. मांसाच्या अर्कावर त्यानं साजूक तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढत. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावं म्हणून अर्क बकऱ्याच्या मांसाचा केलेला होता. वाढलेले जंतू उष्णतेनं मारून लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. १८९८ साली बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावी टोचलेल्या ७१ माणसांत ८ आजारी पडली, ३ दगावली. न टोचलेल्या ६४ माणसांत २७ आजारी पडली, २६ दगावली.

तो प्लेग म्हणजे आपल्या अवधाणाचंच भयंकर रूप. तेव्हाची वर्तमानपत्रं त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. पिसू बहुधा पायाला चावते, जंतू लसिकावाहिनीतून जांघेतल्या ग्रंथीपर्यंत जातात आणि ग्रंथी फुगते. लाखो लोक मुंबई सोडून गेले. सासवड-पुण्याकडच्या गावांपासून कोकणापर्यंत भीती पोहोचली. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. प्रश्न असा की पायाच्या साध्या जखमेतले जंतू जांघेतल्या ग्रंथीत अडवले जातात, मग प्लेगचे का नाहीत?

याचं उत्तर फार उशिरा मिळालं, आणि ते ओळखीच्या प्रश्नाकडेच घेऊन जातं. पिसूच्या अंगात जंतू थंड असतो. तेव्हा त्याच्याभोवती संरक्षक आवरण नसतं. चावल्यावर आत शिरलेले बरेचसे जंतू न्यूट्रोफिल गिळून मारून टाकतात. पण काही जंतू महाभक्षक पेशींच्या पोटात जातात आणि तिथे मरत नाहीत. ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत, त्या पेशीच्या आतच, ते आवरण तयार करतात. १९५९ साली कॅव्हनॉ आणि रँडल यांनी हे दाखवलं. बाहेर आलेला जंतू आता गिळायला कठीण असतो. शिवाय तो सूक्ष्म नळीतून भक्षक पेशीच्या आत स्वतःची प्रथिनं सोडतो आणि तिचा सांगाडाच निकामी करतो. यापेक्षाही चलाख गोष्ट पुढे आहे. माणसाच्या अंगातल्या उष्णतेत हा जंतू आपल्या आवरणातल्या त्याच लायपोपॉलीसॅकराइडची रचना बदलतो, त्याच्या मेदाम्लांच्या शेपट्या कमी करतो. टीएलआर-४ या ग्राहकाला तो रेणू नीट बसत नाही, म्हणून वर्दीच जात नाही. प्रयोगशाळेत जंतूला पूर्ण शेपट्यांचा रेणू तयार करायला लावलं की त्याची मारकता जवळजवळ नाहीशी होते. एवढा संहार करणारा रोग एका ओळखीच्या चुकीवर उभा आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

प्लेगच्याच निमित्तानं आणखी एक माणूस हिंदुस्थानात आला. १८९८ साली सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशनचा सभासद म्हणून आलेला ॲल्मरॉथ राइट. हाफकिनच्या लशीची तपासणी या कमिशननंच केली. राइटनं पुढे १९०३ साली स्ट्युअर्ट डग्लसबरोबर दाखवलं की रक्तद्रवातले काही घटक जिवाणूला चिकटतात आणि मगच पांढऱ्या पेशी त्याला हावरेपणानं गिळतात. रक्तद्रव काढून टाकला तर त्याच पेशी त्याच जिवाणूंकडे जवळजवळ दुर्लक्ष करतात. मेचनिकॉव्ह आणि जर्मन मंडळींचा वाद इथे खऱ्या अर्थानं मिटला. पेशी गिळते, पण गिळायचं कोणाला ही खूण रक्तद्रव करतो. हाफकिनची लस म्हणजे अशा खुणा आधीच तयार ठेवण्याचीच तजवीज होती, हे त्या वेळी त्याला स्वतःलाही या शब्दांत सांगता आलं नसतं. गुरूनं पाहिलेली पेशी आणि शिष्यानं केलेली लस यांना जोडणारा दुवा मुंबईत येऊन गेलेल्या तिसऱ्या माणसाला सापडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या. एक प्रतिपिंडं, दुसरी पूरक प्रथिनं. पूरक प्रथिनांपैकी सी-३ हे रक्तात कायम थोडं थोडं फुटत असतं आणि त्याचा तुकडा जवळ येईल त्या पृष्ठभागाला चिकटतो, जिवाणूला आणि आपल्या पेशीलाही. आपल्या पेशींवर सियालिक आम्ल असतं, आणि रक्तातला एच घटक ते पाहून तिथली साखळी लगेच तोडतो. जिवाणूवर ती तुटत नाही, तुकडे वाढत जातात आणि थोड्याच वेळात तो त्यांनी माखून जातो. आपल्या पेशींच्या अंगावर सीडी-४७ नावाचं आणखी एक प्रथिन असतं. ते दिसलं की महाभक्षक हात आखडता घेतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी म्हाताऱ्या होतात, त्यांच्या खुणा बदलतात, आणि प्लीहेतले महाभक्षक त्यांना गिळतात. हे काम रोज, अखंड चालू असतं. म्हणजे गिळायचं की नाही हा निर्णय एका खुणेवर होत नाही. "खा" म्हणणाऱ्या आणि "खाऊ नको" म्हणणाऱ्या खुणांचा हिशेब होतो. फुप्फुसातल्या महाभक्षकांचा हा हिशेब वेगळ्या प्रकारे बिघडतो. त्यांना धूळही गिळावी लागते. सिलिकाचे कण गिळल्यावर पेशीतली पाचक पिशवी फाटते, पेशी मरते, कण पुन्हा मोकळे होतात, दुसरी पेशी ते गिळते, आणि फुप्फुस हळूहळू कठीण होत जातं. दगडखाणीत आणि दगड फोडण्याच्या कामात आयुष्य घालवलेल्यांचा हा रोग आहे.

प्रत्यक्ष घास असा घेतला जातो. जिवाणूवरच्या खुणांना पेशीवरचे ग्राहक चिकटू लागतात. एक चिकटला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, पिशवीची चेन लावत न्यावी तसं पेशीचं आवरण जिवाणूभोवती दोन्हीकडून मिटत जातं. आत ॲक्टिनचे धागे आवरणाला पुढे ढकलत असतात. खुणा अर्ध्याच अंगावर असतील तर आवरण अर्ध्यावर थांबतं. १९७५ साली ग्रिफिन आणि सिल्व्हरस्टाइन यांनी हे दाखवलं. पूर्ण मिटल्यावर जिवाणू एका पिशवीत बंद होतो. मग पाचक विकरं भरलेल्या लायसोसोम पिशव्या येऊन तिला मिळतात, आतलं आम्ल वाढतं, आणि न्यूट्रोफिलमध्ये तर ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, म्हणजे धुण्याच्या ब्लीचच्याच जातीचा रेणू. हे रसायन बनवणारं यंत्र ज्यांच्यात जन्मतः बिघडलेलं असतं, त्या मुलांच्या पेशी जिवाणूंना व्यवस्थित गिळतात, पण मारू शकत नाहीत, आणि ती मुलं वारंवार गळवांनी आजारी पडतात. गिळणं आणि मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा नको.

याच फरकात कुष्ठरोग राहतो, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या रोगाचं आणि आपल्या जिल्ह्याचं नातं जवळचं आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम उभं केलं. पनवेल तालुक्यातल्या नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत, आणि १९७०च्या दशकात त्यांनी अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरात गावातल्याच बायांना आरोग्याचं काम शिकवलं. त्याच सुमारास त्यांनी मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था काढली. तिथे पी. आर. महादेवन, तन्नाझ बिर्डी आणि त्यांचे सहकारी कुष्ठरोग्यांच्या महाभक्षक पेशींवर काम करत राहिले. जंतू गिळल्यावर या पेशीचं काय बिघडतं, हा त्यांचा प्रश्न होता. मांडव्याला घरोघर जाणारी आरोग्यसेविका आणि वरळीच्या प्रयोगशाळेतली काचेची बशी ही दोन्ही कामं एकाच माणसानं उभी केली, हे मराठीत पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

कुष्ठजंतू १८७३ साली नॉर्वेत हान्सेननं पाहिला तोच मुळी रोग्याच्या गाठीतल्या पेशींच्या आत. हा जंतू दोन आठवड्यांच्या आसपास एकदा दुभागतो, प्रयोगशाळेतल्या खाद्यावर वाढत नाही, आणि त्याला महाभक्षक पेशीतच राहायचं असतं. पूरक प्रथिनांच्या खुणा तो आनंदानं अंगावर घेतो, कारण त्या दारानं गिळलं गेलं की पेशीची मारक यंत्रणा फारशी चेतत नाही. आत गेल्यावर लायसोसोम आपल्या पिशवीला मिळू नये अशी तो व्यवस्था करतो. पेशी मेदानं भरून फेसाळ दिसू लागते, आणि तिच्यात जंतूंचे जुडगे वाढत जातात. दुसऱ्या माणसात तोच जंतू तोच घास बनून जातो आणि मरतो. फरक पडतो तो टी पेशी नावाच्या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींमुळे. त्या गॅमा इंटरफेरॉन सोडतात, आणि महाभक्षकाला गिळलेलं पचवायचा हुकूम मिळतो. ज्यांच्यात हा हुकूम जातो त्यांच्या त्वचेवर मोजके, बधिर चट्टे येतात आणि जंतू क्वचित सापडतात. ज्यांच्यात जात नाही, त्यांचं अंग जंतूंनी भरतं. दुर्दैव असं की हुकूम मिळालेल्या पेशी मज्जातंतूंमध्ये शिरलेल्या जंतूंवर तुटून पडतात, तेव्हा मज्जातंतूही मरतो. बधिर हात भाजतो, बधिर पायाला काटा कळत नाही. बहुऔषधी उपचारातलं क्लोफाझिमिन हे औषध तर महाभक्षक पेशींतच स्फटिक होऊन साठतं, आणि रोग्याची कातडी काही काळ तांबूस-काळी पडते. अनेकांनी त्या रंगाला घाबरून औषध सोडलं आहे. रंग पुढे उतरतो, हे त्यांना गोळी देतानाच सांगायला हवं.

परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये वसंत रामजी खानोलकर, चि. वि. बापट आणि कमल रणदिवे यांनी १९५८ साली कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जिवाणू वाढवला. तो कुष्ठजंतू नव्हता, त्याच्या कुळातला दुसरा होता, हे नंतर ठरलं. पण त्याच्यातल्या खुणा कुष्ठजंतूशी इतक्या मिळत्याजुळत्या होत्या की डॉ. मधुकर देव यांच्या गटानं त्यापासून लस तयार केली. महाभक्षकाला हुकूम देणाऱ्या टी पेशी जाग्या कराव्यात, हा त्यामागचा विचार. तामिळनाडूत डॉ. मो. द. गुप्ते यांच्या देखरेखीखाली चार लशींची तुलना झाली. १९९८ साली निकाल आला. परळच्या जिवाणूची लस ६५.५ टक्के संरक्षण देत होती, बीसीजी आणि मृत कुष्ठजंतू एकत्र दिल्यास ६४ टक्के, आणि नुसती बीसीजी ३४.१ टक्के. माझ्या मते ही मराठी वैज्ञानिकांच्या कामातली एक मोठी साखळी आहे, आणि तिची गोष्ट या पुस्तकात दोन प्रकरणं घेते. ज्यांना घाई आहे त्यांनी ती आधी वाचली तरी चालेल.

वाचताना अडचण येईल ती नावांची. प्रत्येक रेणूला अक्षरं आणि आकडे चिकटलेले आहेत, आणि त्यांना मराठी प्रतिशब्द घडवत बसण्यापेक्षा ती तशीच ठेवणं मी पत्करलं आहे. पाठ करायची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारावं की इथे कोणी कोणाला ओळखलं. काही गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. मधुमेह आटोक्यात नसेल तर न्यूट्रोफिलची चाल, गिळणं आणि मारणं तिन्ही मंदावतात, म्हणून अशा माणसानं पायाचा लहानसा कापही त्याच दिवशी धुवून डॉक्टरला दाखवावा. लावणीनंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. त्याचा जंतू आपल्याच एच घटकाला अंगावर ओढून घेतो आणि पूरक प्रथिनांच्या खुणा चुकवतो. आणि अंगावर फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात जावं. तिथे औषध फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर बोटं शाबूत राहतात.

पहिलं प्रकरण अस्थिमज्जेपासून सुरू होतं, दुसरं त्वचेपासून. तिसऱ्यात पुन्हा जांघेतली ग्रंथी आहे. तिच्या बाहेरच्या कडेला महाभक्षकांची एक रांग असते, आणि पायाकडून आलेला लसिकाद्रव त्यांच्यामधून गाळला जातो. ती रांग नेमकं काय पकडते आणि पकडलेल्याचे तुकडे टी पेशींना कसे दाखवले जातात, हे स्टाइनमन यांनी १९७३ साली वर्णन केलेल्या डेंड्रायटिक पेशींशिवाय सांगता येत नाही, म्हणून ते प्रकरण सगळ्यांत लांब झालं आहे.